मटारचा रंग जातो, आंब्याचा लगदा होतो: घरी भाज्या-फळं गोठवताना नेमकं कुठं बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा: मटार, फरसबी, फ्लॉवर आणि आंब्याच्या फोडी धुऊन पिशव्यांत भरल्या आणि फ्रीझरमध्ये ठेवल्या. दोन-अडीच महिन्यांत मटार फिकट पडले, त्यांना वाळक्या गवतासारखा वास येऊ लागला. फरसबी शिजवल्यावर चिवट लागली, फ्लॉवरचा एकच गोळा झाला आणि आंबा बाहेर काढल्यावर पाणी सुटून लगदा उरला. फ्रीझर बिघडला आहे, की घरी गोठवलं की असंच होतं?

फ्रीझर बहुधा ठीक आहे; तो तपासायचा कसा ते पुढे येईलच. या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. रंग आणि वास बिघडवतात ती एन्झाइमं, म्हणजे भाजीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं. चिवटपणा येतो जून शेंगांमुळे आणि पिशवीत सुकल्यामुळे. गोळा होतो तो भाजीवर राहिलेल्या पाण्याचा, आणि लगदा होतो हळूहळू गोठल्यामुळे. यातलं जवळजवळ सगळं भाजी फ्रीझरमध्ये जाण्याआधीच्या तासाभरात आणि गेल्यावरच्या पहिल्या रात्रीत ठरून जातं. पुढचे आठ-दहा महिने फ्रीझर फक्त हाती आलं ते सांभाळतो, सुधारत काहीच नाही. म्हणून जून, कोमेजलेला किंवा डागाळलेला माल गोठवण्यात अर्थ नसतो. मटार तर तोडल्यापासूनच घसरणीला लागतात, कारण दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होत जातो. सोलले की त्याच दिवशी गोठवा, सोललेले दाणे दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून मग वेळ काढू नका.

थंडीनं काय थांबतं, काय थांबत नाही

उणे १८ अंश सेल्सिअसला जिवाणू, यीस्ट आणि बुरशी यांची वाढ थांबते. ते मरत मात्र नाहीत. भाजी वितळली की पुन्हा कामाला लागतात. एन्झाइमांचं काम तर पूर्ण थांबतही नाही. तोडल्यावरही भाजीत ती काम करत राहतात आणि उणे १८ ला त्यांचा वेग फक्त खूप मंदावतो. मटार, फरसबी आणि मका यांत लिपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम असतं. भाजीत स्निग्धांश अगदी थोडा असतो, पण तेवढ्यावरच काम करून ते हा गवताळ, जुनाट वास तयार करतं. हरितद्रव्याचा ऱ्हासही त्याच्या जोडीनं चालू असतो.

किती तापमानाला किती काळ टिकतं, यावर अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कॅलिफोर्नियातल्या ऑल्बनी इथल्या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या मध्यात पद्धतशीर काम झालं. त्यातून दिसलं ते असं: नीट तयार केलेले मटार आणि फरसबी यांचा रंग-चव उणे १८ अंशांना साधारण १० महिने टिकते, उणे १२ ला ३ महिने आणि उणे ७ ला जेमतेम महिनाभर. सहा अंशांनी टिकाव एक-तृतीयांशावर येतो. 'फ्रीझरमध्येच तर होतं' म्हणून भागत नाही ते यामुळे.

फ्रीजचा आतला बर्फाचा कप्पा आणि खरा फ्रीझर यांत फरक आहे. कप्प्याच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तकात ताऱ्यांचं चिन्ह असतं. एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८ अंश. चार तारे असतील तर उणे १८ शिवाय ताजा माल गोठवण्याइतकी ताकदही त्यात आहे. (वीजबचतीच्या लेबलवरचे तारे वेगळे, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही.) एक-दोन ताऱ्यांच्या कप्प्यात भाज्या गोठवायच्या असतील तर मुक्काम दोन-चार आठवड्यांचा धरा आणि वर्षभराच्या साठ्याचा विचार सोडा.

तपासायला फ्रीझरचा थर्मामीटर आणा. तो मधल्या भागात दोन गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये दाबून ठेवा आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडताच वाचा. भिंतीला टेकवून किंवा दाराच्या कप्प्यात ठेवून घेतलेला आकडा फसवा असतो. थर्मामीटर नसेल तर आइस्क्रीम बघा: आत ठेवलेलं आइस्क्रीम दगडासारखं घट्ट नसेल, चमचा सहज घुसत असेल, तर उणे १८ गाठलेलं नाही.

ब्लांचिंग: कंटाळा केला तर महागात पडणारी पायरी

ब्लांचिंग म्हणजे भाजी उकळत्या पाण्यात मोजून तेवढाच वेळ ठेवून लगेच गार करणं. शिजवणं हा हेतू नाही. एन्झाइमं निकामी करणं हा आहे. जोडीला पृष्ठभागावरचे बरेचसे जंतू जातात, भाजीतली हवा निघून रंग खुलतो आणि पाला आक्रसल्यामुळे जागा कमी लागते.

पाण्याचं प्रमाण इथं फार महत्त्वाचं. अर्धा किलो भाजीला चार ते साडेचार लिटर खळखळ उकळतं पाणी हवं, पालेभाजीला याच्या दुप्पट. भाजी रोळीत किंवा जाळीच्या भांड्यात घालून बुडवा, वर झाकण ठेवा. पाण्याला एका मिनिटाच्या आत पुन्हा उकळी यायला हवी. आली नाही, तर भाजी जास्त झाली. पुढचा घाणा कमी करा. वेळ मोजायला सुरुवात करायची ती पुन्हा उकळी आल्यावर, भाजी टाकल्यावर नाही. घरी सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो: दोन लिटर पाण्यात किलोभर मटार टाकायचे, पाणी कोमट होतं, आणि घड्याळ मात्र चालू झालेलं असतं.

उकळत्या पाण्यातले वेळ असे. मटारचे दाणे दीड मिनिट. चिरलेला कोबी तेवढाच. पालक आणि तसाच मऊ पाला २ मिनिटं, पण पानं एकमेकांना चिकटून थर होऊ नये म्हणून झाऱ्यानं हलवत राहा. गाजराचे चौकोनी तुकडे किंवा काड्या २ मिनिटं, लहान अख्खी गाजरं ५. फरसबी ३ मिनिटं. फ्लॉवर आणि ब्रोकोलीचे तीनेक सेंटिमीटरचे तुरे ३ मिनिटं. त्याहून मोठे तुरे करू नका, देठाच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचत नाही. भेंडी लहान असेल तर ३, मोठी असेल तर ४ मिनिटं. ती अख्खीच ठेवायची, देठ काढताना आतली बी उघडी पडू द्यायची नाही, नाहीतर सगळं पाणी तार धरतं. चिरायची असेल तर गार झाल्यावर चिरा. वांग्याच्या सेंटिमीटरभर जाड चकत्या ४ मिनिटं, आणि त्या काळ्या पडू नयेत म्हणून चार लिटर पाण्यात अर्धी वाटी लिंबाचा रस. मक्याची अख्खी कणसं आकारानुसार ७, ९ किंवा ११ मिनिटं. फक्त दाणे हवे असतील तर कणीस ४ मिनिटं उकळा, गार करा आणि मग दाणे कापून काढा. आधी दाणे काढून उकळले तर गोडवा पाण्यात जातो.

समुद्रसपाटीपासून १५०० मीटरच्या वर राहत असाल तर प्रत्येक वेळेत एक मिनिट वाढवा, कारण तिथं पाणी कमी तापमानाला उकळतं.

बीट, लाल भोपळा आणि रताळं यांना ब्लांचिंगचं गणित लावू नका. बीट पूर्ण शिजवून, सोलून, फोडी करून गोठवा. भोपळा आणि रताळं शिजवून त्यांचा गर गोठवला तर उत्तम राहतो.

वेळ कमी पडला तर काय? 'थोडं कमी तर कमी' इथं चालत नाही. अपुऱ्या उष्णतेनं पेशी फुटतात, एन्झाइमं मोकळी होतात, पण निकामी होत नाहीत, आणि मग ती जास्तच जोमानं काम करतात. अर्धवट ब्लांच केलेली भाजी कच्ची गोठवलेल्या भाजीपेक्षाही लवकर बिघडते. उलट वेळ जास्त झाला तर रंग, चव आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जातात, भाजी लिबलिबीत होते. ब्लांचिंगमध्ये थोडं क जीवनसत्त्व जातंच, यात शंका नाही. पण न करता ठेवलेल्या भाजीतून पुढच्या महिन्यांत त्याहून जास्त जातं.

खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. औषधांच्या दुकानात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. ब्लांच करून गार केलेले दोन-तीन मटार बशीत चिरडा आणि त्यावर चार थेंब टाका. कच्च्या मटारावर फसफसून फेस येतो. हा कॅटलेज या एन्झाइमाचा प्रताप. ब्लांच केलेल्यावरही तसाच फेस आला तर वेळ नक्की कमी पडलाय. फेस आला नाही तर बहुतेक काम झालं, 'बहुतेक' यासाठी की कॅटलेज हे तुलनेनं नाजूक एन्झाइम आहे आणि काही चिवट एन्झाइमं त्याच्यानंतरही तग धरतात. म्हणून वर दिलेल्या वेळेला कात्री लावू नका. चाचणीचे दाणे अर्थातच फेकून द्यायचे.

वाफेवर ब्लांच केलं तर वेळ दीडपट धरा आणि भाजी एका थरातच ठेवा. फ्लॉवर-ब्रोकोलीला वाफ चांगली मानवते. मायक्रोवेव्हवर माझा भरवसा नाही: एकाच भांड्यात एक तुरा शिजतो आणि शेजारचा अर्धकच्चा राहतो. हिरवा रंग राहावा म्हणून पाण्यात खाण्याचा सोडा घालण्याची सवय सोडा. रंग राहतो, पण भाजी मऊ पडते आणि जीवनसत्त्वांचं नुकसान होतं. पाणी फार जड असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे फरसबीची सालं चिवट होऊ शकतात. तुमच्या फरसबीच्या बाबतीत शेंगा कोवळ्या होत्या का हे आधी आठवा, आणि होत्या तर मग पाण्याकडे बघा.

गार करणं आणि कोरडं करणं

रोळी पाण्यातून निघाली की सरळ बर्फाच्या पाण्यात जायला हवी. जितकी भाजी तितक्याच वजनाचा बर्फ आधीच तयार ठेवा. पाणी १५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. गार करायला साधारण ब्लांचिंगइतकाच वेळ लागतो. मक्याच्या कणसाला बराच जास्त. नळाखाली धरून गार करणं चालतं, पण नळाचं पाणीच कोमट असेल तर भाजी आतून शिजत राहते. एक तुरा मधोमध कापून गाभा ओठाला लावून बघा. जराही ऊब असेल तर आणखी ठेवा. आणि गार झाल्यावर पाण्यात भिजत ठेवू नका, चव उतरते.

फ्लॉवरचा गोळा होण्याचं मूळ पुढच्या पायरीत आहे. भाजी निथळून जाड सुती कापडावर पसरा, वरून दुसऱ्या कापडानं टिपा आणि पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तुऱ्यांच्या खाचांत पाणी अडकतं, ते उलटे ठेवा. पालेभाजी मुठीत धरून पिळा, पण चुरगळू नका. राहिलेलं पाणी दोन प्रकारे नडतं: तुकडे एकमेकांना चिकटवतं, आणि नंतर पिशवीत त्याचाच बर्फाचा भुगा होतो.

पहिली रात्र: गोठण्याचा वेग

भाजीतलं बहुतेक पाणी उणे १ ते उणे ५ अंशांच्या दरम्यान गोठतं. या टप्प्यातून भाजी झटकन गेली तर बर्फाचे स्फटिक बारीक आणि पुष्कळ होतात. रेंगाळली तर थोडे पण मोठे होतात; ते पेशींच्या बाहेर वाढतात आणि आतलं पाणी ओढून घेतात. पेशीभित्तिका फाटतात, आणि वितळल्यावर ते पाणी परत आत जात नाही. तुमच्या आंब्याचा लगदा इथंच झाला. उणे ४० अंशांचं वारं मारणारं कारखान्यातलं यंत्र घरी नसतं, पण वेग वाढवण्याच्या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली म्हणजे एका वेळी किती घालायचं. २४ तासांत फ्रीझरच्या दर लिटर क्षमतेमागे ३० ते ४५ ग्रॅमपेक्षा जास्त ताजा माल घालू नका. १०० लिटरच्या फ्रीझरला तीन ते साडेचार किलो, ५० लिटरच्या कप्प्याला दीड ते सव्वादोन. दहा किलो मटार एका दुपारी सोलून एकदम कोंबले, तर ते गोठायला दोन दिवस लागतात, आणि आधीपासून असलेला सगळा साठाही त्या काळात तापतो. जास्त माल असेल तर घाणे दिवसांवर वाटा.

दुसरी गोष्ट जाडी. पाकीट जितकं जाड तितका गाभा उशिरा गोठतो, आणि हा उशीर जाडीच्या हिशोबापेक्षा वेगानं वाढतो. सहा सेंटिमीटर जाडीची गच्च पिशवी आणि दोन सेंटिमीटरची चपटी पिशवी यांत गोठण्याच्या वेळेचा फरक तिपटीहून मोठा असतो. गर, प्युरी, शिजवलेला भोपळा पिशवीत घालून आडवा, सपाट करून गोठवा. नंतर त्या पाट्या उभ्या लावता येतात आणि हवा तेवढा तुकडा मोडूनही घेता येतो.

तिसरी, फ्रीझर आधीच थंड करून ठेवणं. आदल्या दिवशी तापमानाचं बटण सगळ्यात थंडवर न्या किंवा जलद गोठवण्याचं बटण असेल तर ते चालू करा. नवी पाकिटं एकमेकांवर न रचता गार भिंतीला किंवा तळाला टेकवून, मध्ये फट सोडून ठेवा. दुसऱ्या दिवशी कडक झाली की मग रचा आणि बटण जागेवर आणा.

सुटे तुकडे हवे असतील तर ट्रेवर गोठवणं हाच मार्ग. धातूचा ट्रे तासभर फ्रीझरमध्ये थंड करा, त्यावर बटर पेपर टाका, भाजी एका थरात पसरा. मटार आणि मक्याचे दाणे तास-दोन तासांत कडक होतात, फ्लॉवर आणि फळांच्या फोडींना तीन-चार तास लागतात. कडक होताच पिशवीत भरा. रात्रभर उघडं ठेवण्याचा आळस करू नका. फ्रीझरमधली हवा कोरडी असते आणि उघड्या तुकड्यांतलं पाणी ती शोषून घेते.

पिशवी, हवा आणि पांढरे डाग

गोठलेल्या भाजीवर पांढरट, कोरडे, दोरीसारखे लागणारे डाग दिसतात. बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून गेल्याची ती खूण. खायला धोका नाही, पण तो भाग चिवट आणि बेचव होतो. याचं कारण पातळ पिशवी किंवा पिशवीत राहिलेली हवा. बाजारहाटाच्या पातळ पिशव्या आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या यासाठी उपयोगाच्या नाहीत. फ्रीझरसाठीच्या जाड झिपच्या पिशव्या किंवा घट्ट झाकणाचे कडक डबे घ्या.

हवा काढायला यंत्र लागत नाही. झिप बोटभर उघडी ठेवून पिशवी पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवा, तोंड पाण्याच्या वर ठेवा. पाण्याच्या दाबानं हवा बाहेर जाते, मग झिप लावा. व्हॅक्युम यंत्र असेल तर भाजी ट्रेवर गोठवून मगच सील करा, नाहीतर मऊ तुकडे चिरडतात आणि ओलाव्यानं सील नीट बसत नाही. व्हॅक्युमच्या पाकिटाबद्दल एक सावधगिरी: ते बाहेर ओट्यावर वितळू देऊ नका आणि फ्रीजमध्ये वितळवताना आधी फोडा. आम्ल कमी असलेल्या भाज्यांत हवेविना वाढणारा बोट्युलिझमचा (जीवघेण्या विषबाधेचा) जिवाणू धोक्याचा असतो, आणि त्याचे बीजाणू ना ब्लांचिंगनं मरतात ना गोठवल्यानं.

पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के फुगतो. म्हणून रस, गर किंवा पाकातली फळं डब्यात भरताना वर जागा सोडा: रुंद तोंडाच्या अर्ध्या लिटरच्या डब्यात सव्वा सेंटिमीटर, लिटरच्या डब्यात अडीच. अरुंद तोंडाच्या भांड्यात अनुक्रमे दोन आणि चार सेंटिमीटर. खांदा असलेल्या काचेच्या बाटल्या टाळा, त्या खांद्यावरच तडकतात.

पाकिटावर नाव, तारीख आणि वजन लिहा. एका वेळी लागतं तेवढंच एका पाकिटात भरा. दंव न साचणाऱ्या (फ्रॉस्ट-फ्री) फ्रीझरमध्ये तापमान ठरावीक वेळानं थोडं वर जाऊन खाली येतं. दर फेरीत लहान स्फटिक विरघळून मोठ्यांना मिळतात. त्यामुळे अशा फ्रीझरमध्ये हवा काढण्याचं महत्त्व दुप्पट, आणि दाराजवळची जागा नाजूक फळांसाठी वाईट.

फळं

फळं आपण बहुधा कच्ची खातो, म्हणून ती ब्लांच करत नाहीत. तिथं एन्झाइमांना आवरायचं ते साखर आणि अॅस्कॉर्बिक आम्ल म्हणजे क जीवनसत्त्व वापरून. साखर टिकवण्यासाठी किंवा सुरक्षिततेसाठी लागत नाही. ती पोत, रंग आणि वास राखते, कारण पाक फळाभोवती बसून हवा लांब ठेवतो आणि गोठणाऱ्या पाण्याचं प्रमाण घटवतो.

पद्धती तीन. सुकी: फोडी किंवा अख्खी छोटी फळं ट्रेवर गोठवून पिशवीत. द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, स्ट्रॉबेरी, अननसाचे तुकडे यांना ही उत्तम. स्ट्रॉबेरी धुताना भिजत ठेवू नका, देठ धुतल्यानंतर काढा. साखरेतली: चार भाग फळाला एक भाग साखर वजनानं, हलक्या हातानं मिसळून रस सुटेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मग भरायचं. कापलेल्या स्ट्रॉबेरीला हीच सगळ्यात बरी. पाकातली: ३० टक्क्यांच्या पाकाला ३०० ग्रॅम साखर आणि ७०० ग्रॅम पाणी, ४० टक्क्यांच्या पाकाला ४०० आणि ६००. साखर विरघळवून पाक पूर्ण गार करा, फोडी बुडतील एवढा घाला, आणि वर तरंगू नयेत म्हणून झाकणाखाली चुरगळलेला बटर पेपर दाबा. आंबा, पपई, पीच यांच्या फोडी आकारात हव्या असतील तर पाक वापरा. आंब्याचं फळ पिकलेलं पण घट्ट हवं. अतिपिकलेल्याच्या फोडी करण्याचा हट्ट न धरता सरळ रस गोठवा, त्याला लगदा होण्याची भीतीच नाही.

काळं पडणाऱ्या फळांना (सफरचंद, पीच, पेअर, केळं) लिटरभर गार पाकात पाव ते अर्धा चहाचा चमचा शुद्ध अॅस्कॉर्बिक आम्लाची पूड मिसळा. पाक नको असेल तर पाव चमचा पूड तीन मोठे चमचे पाण्यात विरघळवून लिटरभर मापाच्या फोडींवर शिंपडा. लिंबाचा रस चालतो, पण तेवढा परिणाम साधायला तो इतका लागतो की फळ आंबट होतं. शिजवण्यासाठीच हवं असेल तर सफरचंदाच्या फोडी दीड-दोन मिनिटं वाफेवर ठेवून गोठवा.

एक बारीक पण त्रासदायक गोष्ट: अननस आणि पपई यांतली प्रथिनं तोडणारी एन्झाइमं गोठवल्यानं मरत नाहीत. गोठवलेला अननस दुधात घालून ठेवला तर दूध फाटतं, कडू होतं, आणि जिलेटिन जमतच नाही. अशा ठिकाणी फळ आधी उकळून घ्या.

वेगळी वागणूक लागणारे

काकडी, मुळा, सॅलडचा पाला आणि कलिंगडाच्या फोडी गोठवू नका; कुरकुरीतपणा हाच त्यांचा गुण, आणि तोच जातो. कच्चा बटाटा काळा आणि भुसभुशीत होतो. ढोबळी मिरची, हिरव्या मिरच्या आणि चिरलेला कांदा ब्लांच न करता गोठवता येतात, फक्त शिजवण्यासाठी. कांद्याचं पाकीट दुहेरी करा, नाहीतर शेजारच्या आंब्याला त्याचा वास लागतो. टोमॅटो अख्खे धुऊन, पुसून तसेच गोठवा. वापरताना नळाखाली धरले की साल हातात येते. अळंबी तेलात परतून गोठवलेली बरी. कोथिंबीर बारीक चिरून, थोडं पाणी किंवा तेल घालून बर्फाच्या साच्यात. आलं अख्खं गोठवा आणि न वितळवता किसा. तेलातली लसूण पेस्ट केली की ताबडतोब गोठवा. ती बाहेर किंवा फ्रीजमध्ये रेंगाळू देऊ नका, इथंही धोका बोट्युलिझमचाच.

टिकाव, वितळणं आणि वीज गेल्यावर

उणे १८ ला नीट भरलेल्या भाज्या आणि बहुतेक फळं ८ ते १२ महिने चांगली राहतात, संत्र्या-मोसंब्यांसारखी फळं आणि त्यांचा रस ४ ते ६ महिने, कच्चा कांदा ३ ते ६. त्यानंतर ती विषारी होत नाहीत, बेचव होतात.

भाज्या वितळवू नका, गोठलेल्याच उकळत्या पाण्यात किंवा तापलेल्या कढईत टाका. ब्लांच झालेल्या असल्यामुळे त्या ताज्या भाजीपेक्षा लवकर शिजतात. नेहमीइतका वेळ दिला तर मऊ पडतात, आणि दोष फ्रीझरला जातो. मक्याचं कणीस तेवढं अर्धवट वितळवून शिजवा, नाहीतर दाणे शिजतात आणि बुरकुंडा गारच राहतो. गोठवलेली भाजी न शिजवता सॅलडमध्ये घालण्याची पद्धत मात्र टाळा. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातल्या ५ देशांत लिस्टेरिया या जिवाणूच्या साथीत ४७ जण आजारी पडले आणि ९ जण दगावले. तिचा उगम गोठवलेल्या मक्यात आणि बहुधा त्याच कारखान्यातल्या इतर गोठवलेल्या भाज्यांत सापडला. लिस्टेरिया फ्रीजच्या तापमानालाही वाढतो, पण पूर्ण शिजवल्यावर मरतो.

फळं फ्रीजमध्ये, बंद पाकिटातच वितळवा आणि मध्ये थोडे बर्फाचे कण असतानाच वाढा. पूर्ण वितळून तासभर गेला की कितीही नीट गोठवलेलं फळ ढिलं पडतं.

वीज गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीझर बंद दारानं सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला सुमारे २४. वीज आल्यावर एकेक पाकीट दाबून बघा. आत बर्फाचे कण जाणवत असतील किंवा माल ४ अंश किंवा त्याखाली असेल तर पुन्हा गोठवता येतो, पोत थोडा उतरतो एवढंच. भाजी ४ अंशांच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिली असेल, तर वास घेऊन ठरवायला जाऊ नका, टाकून द्या. फळं आम्लयुक्त असल्यामुळे थोडी जास्त सहनशील असतात. आंबूस वास किंवा बुडबुडे नसतील तर ती लगेच शिजवून जॅममध्ये वापरता येतात.